हौसेचें वादन आणि पालकांचें कर्तव्य

दर शनिवारीं सायंकाळचे चार वाजले कीं आमच्या शाळेच्या सभागृहामागील जुन्या बांकांच्या खोलींतून एक चमत्कारिक गलका ऐकूं येऊं लागतो. प्रथम कोणी तरी गिटारीच्या तारा जुळवितो. मग तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडीचे ठोके पडतात. मग सर्वजण एकदम वाजवूं लागतात, आणि लगेच थांबतात. कोणाचें तरी चुकलेलें असतें. थोडा वाद, थोडें हसणें, आणि पुनः आरंभ. सहा वाजेपर्यंत हा क्रम चालतो. खोलींत आमचे चार विद्यार्थी, दोन विद्यार्थिनी व शाळेचा एक माजी विद्यार्थी असे सातजण असतात. हा माजी विद्यार्थी आतां एका कारखान्यांत कामास आहे. आठवडाभर यंत्रावर उभा राहून तो शनिवारीं आपली बेस गिटार पाठीस लावून येतो. इतरांपाशीं दोन गिटारी, एक कीबोर्ड, एक बासरी, एक तबल्याची जोडी, आणि शाळेच्या बँडपथकांतून बाद झालेला एक ढोल व एक झांज एवढा सरंजाम आहे. तबलजी आपल्या आजोबांच्या भजनी मंडळांत बसून शिकला. बाकीच्यांस कोणीही रीतसर शिकविलेलें नाहीं. मोबाइलवर ऐकावें, तेंच पुनः ऐकावें, आणि हातास येईपर्यंत करून पाहावें, हीच त्यांची शाळा. जें संगीत हे सातजण वाजवितात त्यास ‘जॅझ-फ्यूजन’ असें म्हणतात.

गेल्या पालकसभेंत या खोलीवरून बराच वाद झाला. एका सद्‌गृहस्थांनीं अशी सूचना केली कीं, सातांपैकीं दोघे यंदा दहावीस आहेत, तेव्हां हा गलका ताबडतोब बंद करावा. एका मातोश्रींनीं त्याच्या उलट सूचना केली: मुलांस आवड आहे तर एक चांगला शिक्षक नेमावा, परीक्षांस बसवावें, आणि आंतरशालेय स्पर्धेंत उतरवून शाळेस ढाल मिळवून द्यावी. मुख्याध्यापकांनीं आम्हांस आमचें मत विचारिलें. तें त्या गडबडींत आम्हांस नीट मांडतां आलें नाहीं. म्हणून तें येथें लिहीत आहों. आमचें मत या दोन्ही सूचनांच्या विरुद्ध आहे.

प्रथम हें संगीत आहे तरी काय, तें सांगितलें पाहिजे. ज्यांनीं त्यास नांवें ठेविलीं त्यांस तें माहीत नव्हतें, ज्यांनीं त्याची बाजू घेतली त्यांसही माहीत नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही नव्हतें. जॅझ हें संगीत अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं आकारास आलें. गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांचीं श्रमगीतें, त्यांचीं भजनें व ‘ब्लूज’ नांवाचीं दुःखगीतें यांचा युरोपीय धर्तीच्या बँडवाद्यांशीं तेथें संगम झाला. 1917 सालीं जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. या संगीताची रीति सोपी आहे. आरंभीं सर्वांनीं मिळून एक ठरलेली चाल वाजवावयाची. मग त्याच चालीच्या पायावर एकेकानें आळीपाळीनें, तत्क्षणीं सुचेल तसा विस्तार करावयाचा. आणि शेवटीं सर्वांनीं मूळ चालीवर परत यावयाचें. बंदिश, तिचा विस्तार व समेवर येणें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस ही रीति अगदींच परकी वाटूं नये. मुख्य भेद हा कीं, आपल्या मैफलींत बहुधा एकजण पुढें असतो व इतर त्याची साथ करितात. जॅझमध्यें आतां जो साथ करीत आहे तोच पुढच्या आवर्तनांत पुढें येतो, आणि जो पुढें होता तो मागें सरून त्याच्या साथीस लागतो. हा एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; आमच्या सर्व म्हणण्याचा आधार तोच आहे.

फ्यूजन म्हणजे मिश्रण. 1960 ते 1970 या दशकाच्या अखेरीस कांहीं जॅझ वादकांनीं विजेवर चालणारे पियानो व गिटार घेतले, आणि रॉक संगीताचा ठेका जॅझमध्यें आणला. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याची ‘इन अ सायलेंट वे’ ही 1969 सालची ध्वनिमुद्रिका या वळणावरील एक खूण मानितात. तिच्यांत गिटार वाजविणाऱ्या जॉन मॅक्लॉफलिन या इंग्रज तरुणानें 1971 सालीं ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ हा वाद्यवृंद स्थापिला. आणि पुढें थोड्याच वर्षांत व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक विनायकराम व तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ति’ हा वृंद उभारिला. झाकिर हुसेन (1951–2024) यांचा जन्म मुंबईचा. त्यांनीं तबल्याचें शिक्षण आपले वडील उस्ताद अल्लारखा यांच्यापाशीं घेतलें, आणि तोच तबला ते गिटारीच्या शेजारीं घेऊन बसले. ‘शक्ति’च्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेस 2024 सालीं अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तेव्हां आमच्या त्या खोलींत तबला व बेस गिटार हीं शेजारीं शेजारीं दिसतात तीं कांहीं पोरखेळ म्हणून नव्हेत. त्या शेजारास पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

सभेंत असेंही कोणी म्हणाले कीं, हें परक्यांचें संगीत आहे; आपल्या मुलांनीं आपलेंच वाजवावें. या आक्षेपास आम्ही एवढेंच उत्तर देतों कीं, आपलें कोणतें व परकें कोणतें हें ठरविण्यास काळ फार वेळ लावितो. पेटी युरोपांतून आली. 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केलें, व ती बंदी 1971 सालापर्यंत टिकली. एकीकडे ही बंदी. दुसरीकडे त्याच काळांत नाटकाच्या पदास, भजनास, आणि ख्रिस्ती मंदिरांत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांसही पेटीचीच साथ. व्हायोलिनही युरोपाचें, परंतु आज कर्नाटक संगीताची मैफल त्यावांचून क्वचितच होते. जॅझचीच गोष्ट घ्या. लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा जॅझवृंद 1935 सालीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला. गोमंतकांतील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या अनेक वादकांनीं हें संगीत उचललें. त्यांतलेच एक आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांस ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ओळखीत असे. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांत या ट्रंपेटवादकाचा मोठा हात होता. ज्या चालींवर आमच्या पालकांच्या आईबापांनीं माना डोलाविल्या, त्यांच्या अंगांत हें परकें रक्त केव्हांच मिसळून गेलें होतें. तेव्हां हा आक्षेप आम्ही बाजूस ठेवितों.

याहून महत्त्वाचा आक्षेप असा कीं, गुरूवांचून विद्या कशी येणार? हा आक्षेप करणारे पालक विचारी आहेत. त्यांस विचारपूर्वकच उत्तर दिलें पाहिजे. जँगो राइनहार्ट (1910–1953) हा रोमा जमातीचा गिटारवादक बेल्जियममध्यें जन्मला, व पॅरिसच्या वेशीबाहेर त्या लोकांच्या गाड्यांच्या तळावर वाढला. त्यास स्वरलिपि वाचतां येत नसे. तळावरील वडीलधाऱ्यांच्या बोटांकडे पाहून तो शिकला. 1928 सालीं त्याच्या गाडीस आग लागली, तींत त्याचा डावा हात भाजला, व त्या हाताचीं दोन बोटें जन्माचीं आखडलीं. उरलेल्या दोन बोटांनीं तारांवर धांवण्याची नवीच रीति त्यानें स्वतः शोधून काढिली. 1934 सालीं तो पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलांत एका वाद्यवृंदांत नोकरीस होता. स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादकही तेथेंच होता. नोकरीचें वादन ठरलेलें असे. मधल्या विश्रांतींत पडद्यामागें हे दोघे केवळ आपल्या गमतीसाठीं वाजवीत बसत. मग जँगोचा भाऊ दुसरी गिटार घेऊन आला, आणखी एक गिटार आली, एक डबल बेस आला. त्या विरंगुळ्यांतूनच ‘हॉट क्लब द फ्रान्स’चें तें प्रसिद्ध पंचक जन्मास आलें. त्यांत ढोल नव्हता. गिटारवाल्यांनीं तारांवर हात आपटूनच ठेका धरिला.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरच्या वेस माँटगोमरी (1923–1968) याचें. विशीच्या सुमारास त्यानें गिटार हातीं घेतली. चार्ली ख्रिश्चन या वादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यानें त्यांतील विस्तार कानानें उतरवून घेतले. हा गृहस्थ कुटुंबवत्सल होता; दिवसा कारखान्यांत काम करून तो रात्रीं वाजवीत असे. शेजाऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून त्यानें पिक टाकून दिली, व अंगठ्याच्या मांसल भागानें हलक्या हातानें तारा छेडण्यास आरंभ केला. तोच मऊ आवाज पुढें जगभर त्याची ओळख होऊन बसला. आमच्या खोलींतील कारखान्याचा कामगार जेव्हां थकून भिंतीस टेकून आपली बेस जुळवितो, तेव्हां आम्हांस या माणसाची आठवण होते. दोघांची योग्यता आम्ही एक करीत नाहीं. परंतु दिवसाचें काम संपल्यावर जी ओढ माणसास वाद्याकडे नेते ती एकच आहे.

हीं उदाहरणें वाचून आमच्या तरुण वाचकांनीं मात्र असा समज करून घेऊं नये कीं शिक्षक ही अडगळ आहे. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्दच मुळीं थोडा फसवा आहे. जँगोस त्याच्या तळानें शिकविलें. माँटगोमरीस ध्वनिमुद्रिकेनें शिकविलें. ज्या मॅक्लॉफलिनचें नांव आम्ही वर घेतलें, तो गिटार बहुतांशीं आपली आपणच शिकला. पण भारतीय संगीताची गोडी लागतांच तो मोठा नांवाजलेला वादक असतांनाही वीणा शिकण्यासाठीं डॉ. एस. रामनाथन् यांच्यापुढें विद्यार्थी होऊन बसला. जो खरोखर आपला आपण शिकतो, त्यासच आपल्याला काय येत नाहीं हें नेमकें ठाऊक असतें. आमच्या मुलांतही दोष आहेत, व ते आम्ही लपवीत नाहीं. त्यांपैकीं एकासही स्वरलिपि धड वाचतां येत नाहीं. एका गिटारवाल्याचें मनगट अशा रीतीनें वांकतें कीं, पुढें त्यास दुखणें जडेल अशी आम्हांस भीति वाटते. आणि आनंद झाला कीं सर्वांची लय वाढते; आरंभीं चालत असलेली रचना शेवटीं पळत सुटते. हे दोष जाणत्या शिक्षकानें सुधारतील. परंतु तो शिक्षक मुलांनीं मागावा, आम्हीं त्यांच्यावर लादूं नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

आतां त्या खोलींत नेमकें काय घडतें तें सांगतों. कारण वाद करणाऱ्यांपैकीं फारच थोडे जिना चढून तेथवर गेले आहेत. गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं आम्ही दोन तास एका मोडक्या बांकावर बसून राहिलों. त्या दिवशीं माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेंतील पहिली रचना चालली होती. ती नवशिक्यांस बरी, कारण तिच्यांत स्वरांचे फेरफार फार थोडे आहेत. चार मात्रांचा एक खंड, असे बत्तीस खंड मिळून तिचें एक आवर्तन होतें. पहिले सोळा खंड एकाच स्वरसमूहावर. पुढचे आठ खंड तोच समूह अर्ध्या स्वरानें वर चढवून. आणि शेवटचे आठ पुनः मूळ ठिकाणीं. तो स्वरसमूह म्हणजे आपला काफी थाटच: गंधार व निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. आमच्या मुलांनीं त्यास तबला व विजेची बेस जोडून आपल्यापुरतें त्याचें फ्यूजन केलें होतें.

तीन वेळां आरंभ झाला व तीन वेळां घोटाळा झाला. बासरीवाली मुलगी विस्तार करितांना खंड मोजावयास विसरे, आणि वर चढलेल्या आठ खंडांतून मूळ ठिकाणीं परत केव्हां यावयाचें हें तिला कळेना. इतर परत येत, व ती एकटीच वर राही. पहिल्या वेळीं सर्व हसले. दुसऱ्या वेळीं एका गिटारवाल्यानें तोंड वाईट केलें. तिसऱ्या वेळीं ती बासरी पिशवींत घालूं लागली. तेव्हां तबलजी म्हणाला, “थांब. तूं मोजूं नकोस. तूं नुसती माझ्याकडे कान ठेव.” पुढच्या वेळीं आठवा खंड संपतां संपतां त्यानें एक लहानशी तिहाई घेतली, आणि ती बरोबर मूळ स्वराच्या पहिल्या मात्रेवर आणून टाकिली. मुलगी अचूक खालीं उतरली. जॅझमधील अडचणीवर भजनी मंडळांतील उपाय! तो उपाय कोणत्याही पुस्तकांत नव्हता, व कोणी शिक्षकानें सांगितलेला नव्हता. सोबतीण अडखळली, आणि तिला हात देण्यासाठीं त्या पोरानें आपल्या आजोबांकडची शिदोरी सोडली.

त्याच दिवशीं आम्हीं आणखी एक गोष्ट पाहिली. ज्या गिटारवाल्यानें तोंड वाईट केलें होतें, तो वर्गांत दुसऱ्याचें वाक्य कधीं पुरें होऊं देत नाहीं. आमचे सर्व शिक्षक त्याच्यामुळें त्रासले आहेत. मुलगी वाजवूं लागली तेव्हां तोही आपली गिटार खणखणवीतच होता. बेसवाल्या कामगारानें कांहीं न बोलतां आपला आवाज हळूहळू इतका कमी केला कीं, त्या शांततेंत त्या मुलाची एकट्याची खणखण उघडी पडली. मुलगा वरमला. पुढचें सबंध आवर्तन त्यानें चार मात्रांस एकच टोला दिला, आणि तोही कान देऊन. आम्हीं त्यास तीन वर्षें जें सांगून शिकवूं शकलों नाहीं, तें तो तेथें बत्तीस खंडांत शिकला. आम्हीं वर जो भेद ध्यानांत ठेवावयास सांगितला तो हाच. पुढें येणें पुष्कळांस जमतें. मागें सरून, दुसऱ्यास ऐकूं येईल एवढी जागा करून, त्याच्या चुकीसकट त्यास सांभाळून नेणें ही विद्या वर्गांत फळ्यावर लिहून देतां येत नाहीं, आणि ती एकट्यानें सराव करूनही येत नाहीं. तिला चार माणसें लागतात.

आतां अभ्यासाचा प्रश्न. दहावीच्या वर्षाची चिंता पालकांस असावी यांत गैर कांहींच नाहीं. ती आम्हांसही आहे. सहामाहींत या सातांपैकीं एकाचे गुण घसरले हें खरें आहे, आणि तें आम्ही त्याच्या वडिलांस सांगितलें आहे. परंतु या बाबतींत सल्ला देण्यापूर्वीं आम्हांस आमच्या हातून घडलेली एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. मामाची जुनी गिटार त्यास मिळाली होती, आणि दोन सोबत्यांसह तो घराच्या गच्चीवर वाजवीत असे. त्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारिलें, “सर, काय करूं?” आम्ही क्षणाचाही विचार न करितां म्हटलें, “दहावी होईपर्यंत गिटार कपाटावर ठेवावी. मग आयुष्य पडलेंच आहे.” मुलगा आज्ञाधारक होता. गिटार कपाटावर गेली. त्यास उत्तम गुण मिळाले. आम्हीं शाळेच्या फळ्यावर त्याचें नांव लिहिलें, व आपल्या सल्ल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर अभियांत्रिकी. गेल्या वर्षीं तो शाळेंत भेटावयास आला. चांगल्या नोकरींत आहे, सुखी आहे. खोलींतून येणारा गलका ऐकून तो जिन्याखालीं थबकला. आम्हीं सहज विचारिलें, “अजून वाजवितोस कीं नाहीं?” तो हसून म्हणाला, “नाहीं सर. गिटार काढायला केव्हांही निघेल हो. पण वाजवायला माणसें कुठून आणूं?” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. आमच्या मनास मात्र तें फार लागलें. त्या दोन सोबत्यांपैकीं एक परदेशीं आहे. दुसऱ्याचा पत्ता त्यासही ठाऊक नाहीं.

गिटार कपाटावर ठेवितां येते, सोबती ठेवितां येत नाहींत, एवढी साधी गोष्ट त्या वेळीं आम्हांस कळली नाहीं. पंधराव्या वर्षीं शेजारच्या गल्लींत राहणारा, आपल्याइतकेंच कमी येणारा, चुकलें तर हसणारा व पुनः आरंभ करणारा सोबती हा ज्या त्या वयांतच भेटतो. आठवड्याचे दोन तास वांचवून आम्हीं त्या मुलास किती गुण अधिक मिळवून दिले हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. काय घालविलें तें आतां सांगतां येतें.

म्हणून आमचें असें मत आहे कीं, दोन तास कमी करावयाचे असतील तर ते आधीं दुसरीकडून करावे. मोबाइलवर एकट्यानें बोट फिरवीत बसण्याचे तास घरोघरीं दोनांहून कितीतरी अधिक आहेत. त्यांविषयीं पालकसभेंत कोणी ठराव आणीत नाहीं, कारण त्यांचा आवाज होत नाहीं.

आतां दुसरी सूचना. ती प्रेमानें केलेली होती, म्हणूनच तिला विरोध करणें आम्हांस अवघड जातें. स्पर्धा वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. खेळांत व वक्तृत्वांत आम्ही मुलांस हौसेनें पाठवितों. परंतु या सातांस स्पर्धेंत उतरविलें तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. स्पर्धा शालेय, म्हणून कामगार प्रथम बाहेर पडेल. आणि तोच या सर्वांचा पाया धरून आहे. वेळ पांच-सात मिनिटांचा, म्हणून विस्तार एकालाच मिळेल, व तो जो सर्वांत चांगला वाजवितो त्यास मिळेल. खंड विसरणारी बासरीवाली ढालीच्या आड येईल. तिला कोणी ‘जा’ म्हणणार नाहीं, पण ती आपण होऊन यावयाची राहील. रचना पाठ होईल, चूक हा अपराध होईल, आणि तबलजीस तिहाई सुचण्याचें कांहीं कारणच उरणार नाहीं. ढाल कदाचित् मिळेल. ती मुख्याध्यापकांच्या खोलींतील कांचेच्या कपाटांत इतर ढालींच्या शेजारीं बसेल, आणि जुन्या बांकांची खोली शनिवारीं पुनः शांत होईल.

इंग्रजींत हौशी माणसास ‘ॲमॅच्युअर’ म्हणतात. त्या शब्दाचें मूळ प्रेम करणें या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. आज दोन्ही भाषांत हा शब्द कमीपणानें वापरण्याची चाल पडली आहे. ‘हौशी आहे’ म्हणजे कच्चा आहे. वास्तविक आपल्या खेड्यापाड्यांतील भजनी मंडळें शेंकडों वर्षें हौशी माणसांनींच चालविलीं. दिवसभर नांगर धरलेला हात रात्रीं पखवाजावर पडे. त्यास कोणी प्रमाणपत्र दिलें नाहीं, व त्यानें तें मागितलें नाहीं. त्या मंडळांत ज्याचा सूर लागत नसे त्याच्या हातीं टाळ देत. घालवून देत नसत. आमच्या त्या खोलीचें नातें ढालींच्या कपाटाशीं नसून या भजनी मंडळांशीं आहे, असें आम्हांस वाटतें. मग तेथील वाद्यें विजेवर चालोत कीं हातावर.

आतां आमच्या कांहीं विनंत्या. विद्यार्थ्यांस प्रथम सांगतों. शाळेच्या भिंतीपलीकडे एक आजारी वृद्ध बाई राहतात. तुमचा आनंद त्यांच्या उशाशीं जाऊं देऊं नका. माँटगोमरीनें शेजाऱ्यांसाठीं अंगठा वापरला. तुम्हीं यंत्राची कळ थोडी मागें फिरवावी. तुमच्या स्वतःच्या कानांसही तेंच हितकर आहे. परीक्षेच्या महिन्यांत खोली बंद ठेवण्याचें तुमचें तुम्हींच ठरवा, म्हणजे तें आम्हांस ठरवावें लागणार नाहीं. ज्याचे गुण घसरले त्यास सहाजणांनीं मिळून हात द्यावा. बासरीवालीस दिला तसाच. स्वरलिपि शिका, ती शिकविण्यास आमच्या गायकमंडळाचे पेटीवादक तयार आहेत, फक्त तुम्हीं जाऊन विचारिलें पाहिजे. आणि कोणी नवखा दाराशीं येऊन उभा राहिला तर ढोल व झांज त्याच्या हातीं द्या.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मत देण्यापूर्वीं एका शनिवारीं चार वाजतां वर येऊन बसावें. मुलें बुजतील; तरी थोड्या वेळानें विसरतील. तेथें जें वाजेल तें फार चांगलें असेल असें वचन आम्ही देत नाहीं. घरीं परतल्यावर मात्र मुलास ‘यांतून काय मिळणार’ असें विचारूं नये. ‘आज कोण चुकलें, आणि मग तुम्हीं काय केलें’ असें विचारावें. त्याचें उत्तर ऐकण्यासारखें असतें, असा आमचा अनुभव आहे.

पुढील महिन्यांत हा प्रश्न व्यवस्थापक मंडळापुढें यावयाचा आहे. खोली लहान आहे, तिचें छप्पर गळतें, आणि तींत आणखी कांहीं सामान ठेवावयाची सोय होण्यासारखी आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीही ती शनिवारचे दोन तास जशी आहे तशीच राहूं द्यावी, शिक्षक मुलें मागतील तेव्हां द्यावा, व ढालीचा विचार सोडून द्यावा, असें मत आम्ही तेथें देणार आहों. बारा वर्षांपूर्वीं एका वडिलांनीं आम्हांस हाच प्रश्न विचारिला होता, व आम्हीं तेव्हां घाईनें उत्तर दिलें होतें. या वेळीं सावकाश विचार करून दिलें आहे.